कोपरे छाटलेले मीठ

मराठीच्या मास्तराने शास्त्राच्या तासाला जाऊ नये, हे मला आता पटले आहे. पण शास्त्राचे गुरुजी लांबच्या रजेवर गेले आणि सहावीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला सगळेच थोडेथोडे येते, असा एक गैरसमज आहे. तो मीही फारसा दूर केला नव्हता.

मी मुलांना मिठाचे स्फटिक करायला सांगितले. गरम पाण्यात मावेल तितके मीठ विरघळवायचे, गाळायचे आणि भांडे कोनाड्यात निवांत ठेवायचे. पंधरा दिवसांनी पुड्या आल्या. साऱ्यांत बारीक चौकोनी फासे. फक्त मागल्या बाकावरच्या एका शेतकऱ्याच्या पोराच्या खड्यांना कोपरेच नव्हते! जिथे कोपरा असायचा, तिथे सपाट तिकोन.

"तुरटी आणलीस होय रे?"

"नाय गुरुजी, मीठच हाय."

मी जिभेला लावून पाहिले. खारट होते. "म्हणजे कानशीने घासलेस!" असे म्हणून मी त्याला तास संपेपर्यंत उभे केले. वर्ग हसला. पोरगा मात्र रडला नाही, आणि तेच मला रात्री झोपू देईना. उठून भिंगातून खडा पाहिला. तिकोनांवर ओरखडा नव्हता. आरशासारखे लखलखत होते. कानस असे काम करीत नाही.

मग पुस्तके धुंडाळली. जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो. पंगतीत मध्ये बसलेल्याला दोन्हीकडे शेजारी असतात; टोकाच्याची एक बाजू उघडी. मिठाच्या पोटातल्या प्रत्येक कणाला सहा शेजारी असतात. फाशाच्या सपाट अंगावर आलेल्या कणाचा एकच सुटतो, पण कोपरा छाटून झालेल्या तिकोनावर तीन सुटतात. हे उघडे पडणे फुकट नसते. त्याची किंमत म्हणजे पृष्ठऊर्जा. पाण्याच्या थेंबाला सर्व दिशा सारख्या, म्हणून तो गोल होतो. स्फटिकाला प्रत्येक अंगाची किंमत निराळी. जे अंग महाग ते मध्यापासून तितकेच लांब, असा नियम वुल्फ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने 1901 साली मांडला.

हा नियम खरा लागू पडतो तो अगदी बारीक, सुस्थिर स्फटिकाला. आपल्या भांड्यातल्या मोठ्या खड्यात वाढीचा वेगही पाहावा लागतो, आणि तिथे एक गंमत आहे. जे अंग झपाट्याने वाढते तेच आक्रसत जाऊन नाहीसे होते. रेंगाळणारी अंगे उरतात. साध्या मिठात तिकोनी अंगे झपाट्याने वाढून संपतात, म्हणून फासा होतो.

मग या पोराच्या खड्यांत ती उरली कशी? फराळाचे ताट समोर असेल तर पुढचे वाक्य गाळावे. मूत्रात मिठाचे स्फटिक फाशासारखे न होता आठ अंगांचे होतात, अशी नोंद रोमे द लील या फ्रेंच गृहस्थाने 1783 सालीच केली आहे. ही करणी युरियाची! तो तिकोनी अंगाला चिकटतो आणि त्याची वाढ मंदावतो.

दुसऱ्या दिवशी मी पोराच्या घरी गेलो. "भांडे कोणते घेतले होतेस?" त्याने पडवीतला डबा दाखवला. शेतात युरिया फेकायचा डबा. तळाशी ओंजळभर दाणे राहिलेले. पांढऱ्यात पांढरे, कुणाला दिसणार?

मीही घरी तसेच पाणी लावले. दिवाळीच्या झाडलोटीत घरच्यांनी ते दोनदा हलवले, एकदा ओतायलाच निघाल्या होत्या. तीन आठवड्यांनी मूगभर खडे जमले. कोपरे छाटलेले.

ते घेऊन वर्गात गेलो. आधी त्याला उठवले, मग साऱ्यांना सांगितले की त्या दिवशी हा खरे बोलत होता आणि मी चुकलो होतो. वर्ग एकदम चिडीचूप झाला. पोराने माझा खडा हातात घेतला, भिंगाखाली उलटासुलटा केला आणि परत देत म्हणाला,

"गुरुजी, माझं मोठं व्हतं."