व्यस्त फल

माणूस सरळ हिशोबासाठी जन्माला आलेला आहे, उलट्या हिशोबासाठी नाही, हे माझं मत वीसेक वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून बनलेलं आहे. रव्याचा शिरा कुणीही करील. पण तयार शिरा पुढ्यात ठेवून "ह्यात साखर नेमकी किती पडली, ते सांगा" म्हटलं की भलेभले बशीत बघत राहतात. (आमच्या सासरच्या मंडळींना साखर कमी पडली एवढं लगेच कळतं, पण किती कमी, ते तेही सांगत नाहीत.) काउंटरवरही तेच. "महिना दोन हजार भरले तर पाच वर्षांनी किती मिळतील?" ह्या प्रश्नाला मी झोपेतसुद्धा उत्तर देईन. पण एखादे पेन्शनर आजोबा जेव्हा विचारतात, "मी इतके भरले, इतके मिळाले, तर दर काय पडला?" तेव्हा नेमकी माझी जेवणाची सुट्टी होते.

ह्या दुखण्याला गणितात नाव आहे, हे मला आमच्या कन्येमुळे कळलं. ती बी.एस्सी.ला गणित घेऊन बसली आहे. तिच्या वहीच्या एका पानावर मथळा होता 'व्यस्त फल'. मी बी.कॉम. माणूस. मला वाटलं, राशिभविष्य असणार : आज दिवसभर व्यस्त राहाल, फल मिळणार नाही.

"बाबा, व्यस्त म्हणजे हिंदीतलं कामात असलेलं नव्हे, उलटं," कन्या म्हणाली. तेव्हा दुपारी तीननंतर आमच्या शाखेत सगळे व्यस्त असतात असं मी म्हणतो ते कोणत्या भाषेत, ह्याची चौकशी करू नये.

फल म्हणजे एक गिरणी. इकडून एक आकडा टाकायचा, तिकडून दुसरा पडतो. व्यस्त फल म्हणजे पीठ घेऊन गिरणीवर जायचं आणि म्हणायचं, ह्याचे गहू द्या. काही गिरण्या हे मुळीच करू शकत नाहीत. वर्ग करणारी गिरणी घ्या. तिच्यात 2 टाका, 4 पडतात. उणे 2 टाका, तरी 4च. म्हणजे एकदा वर्ग केला की जमा आणि नावे ह्यांत फरकच उरत नाही. आमचे एक जुने साहेब असेच होते. कागद चांगला न्या, वाईट न्या, तोंडातून "हं" एवढंच यायचं. त्या "हं"वरून कागद कसा होता, हे आजवर कुणाला उलगडलेलं नाही.

मी हे सगळं ऐकून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात आमचा धाकटा मेहुणा स्कूटर घ्यायला निघाला.

"भावोजी, तुमची बँक नको," तो आल्या आल्या म्हणाला. "तुमचा दर बारा टक्के. दुकानदार दहाने देतोय. लाखाचं कर्ज, वर्षाचं व्याज दहा हजार, एकूण एक लाख दहा हजार. बारा सारखे हप्ते. उद्या सही."

"मी म्हणतेच," आमची ही म्हणाली, "तुमच्या बँकेत घरच्या माणसालासुद्धा काही मिळत नाही."

आता इथे प्रश्न स्कूटरचा राहिला नव्हता. वीस वर्षं ज्या काउंटरमागे बसलो, त्याच्या अब्रूचा होता. आमच्या बँकेचे बारा टक्के हे उरलेल्या रकमेवर. पहिला हप्ता भरला की पुढल्या महिन्याचं व्याज तेवढ्याने कमी. दुकानदाराचे दहा टक्के मात्र वर्षभर अख्ख्या लाखावर; अकरावा हप्ता भरून झाला, हातात उरलं कर्ज जेमतेम नऊ हजारांचं, तरी व्याज लाखाचंच. हे मला तोंडी सांगता येत होतं. पण "मग त्याचा खरा दर किती?" असं मेहुण्याने विचारलं आणि मी घड्याळाकडे पाहिलं. घरी जेवणाची सुट्टी नसते.

कारण दरावरून हप्ता काढायला सूत्र आहे. हप्त्यावरून दर काढायला नाही. बारा हप्ते म्हणजे बाराव्या घाताचं समीकरण. ते सरळ सुटत नाही.

कन्या पेन्सिल घेऊन आली. तिने दरमहाच्या दराला क्ष म्हटलं आणि एकूण व्याज कर्जाच्या कितवा भाग आहे, त्याला य. इथे य म्हणजे 0.1. मग हप्त्याचं सूत्र मोडून तिने लांबलचक श्रेणी लिहिली : य बरोबर साडेसहा क्ष, अधिक 11.92 क्ष-वर्ग, वजा 5.96 क्ष-घन, आणि पुढे टिंबं. गणितातल्या श्रेणीचं मला पहिल्यापासून आकर्षण आहे. आमची वेतनश्रेणी ठरावीक टप्प्याला जाऊन कुंठित होते. ही अनंत असते.

"हे सरळ झालं," ती म्हणाली. "आता उलटं. समजू, क्ष म्हणजे काहीतरी पट य, अधिक काहीतरी पट य-वर्ग, अधिक काहीतरी पट य-घन. ही काहीतरी आपल्याला ठाऊक नाहीत. पण हा क्ष वरच्या श्रेणीत घातला तर उत्तर नुसतं य यायला हवं. म्हणजे य-च्या रकान्याची बेरीज 1, आणि बाकी सगळ्या रकान्यांची शून्य."

हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. रकान्यांच्या बेरजा शून्य आणणं ह्याखेरीज मी आयुष्यात दुसरं केलंय काय? मी पेन्सिल हिसकावून घेतली. य-च्या रकान्यात पहिलंच काहीतरी एकटं असतं : त्याची साडेसहापट म्हणजे 1, तेव्हा ते 0.1538. य-वर्गाच्या रकान्यात हे पहिलं पुन्हा येतं, पण आता त्याची ओळख झालेली असते; नवं असतं एकच, दुसरं. ते निघालं उणे 0.0434. तिसर्‍या रकान्यात पहिली दोन ओळखीची, तिसरं नवं : 0.0278. एका वेळी काउंटरवर एकच अनोळखी माणूस, बाकीचे खातेदार. असं काम रोज असतं तर मी कधी रजा घेतली नसती.

आता य-च्या जागी 0.1 घातलं. एकाच पदावर थांबलो तर वर्षाचा दर 18.46 टक्के. दोन पदं घेतली, 17.94. तीन घेतली, 17.97. पुढची पदं तिसर्‍या दशांशाशी खेळत बसणार.

"अठरा?" मेहुणा म्हणाला.

"तीन पैसे कमी," मी म्हणालो. इतकं नेमकं बोलायची संधी मला लग्नानंतर प्रथमच मिळाली होती.

ही उलटापालट फार जुनी आहे. आपल्याकडे केरळात संगमग्रामच्या माधवाच्या परंपरेने स्पर्शज्येवरून कोन काढायची श्रेणी युरोपाच्या कितीतरी आधी काढली. न्यूटनने 1669 साली लिहिलेल्या आणि 1711 साली छापून निघालेल्या टिपणात लॉगरिदमची श्रेणी अशीच उलटी केली. लॉगरिदम म्हणजे आमच्या भाषेत, पैसे इतके व्हायला किती काळ लागेल. उलटं म्हणजे, इतक्या काळात पैसे किती होतील. रकाने जुळवता जुळवता त्याला मिळालं एक, अर्धा, एक षष्ठांश, एक चोविसांश. एकाला दोनाने, मग तिनाने, मग चाराने भागत जा. बेचाळीस वर्षं हे न छापता ठेवणारा माणूस आमच्या खात्यात असता, तर तुंबलेल्या कामाबद्दल त्याला मेमो मिळाला असता. पुढे 1770 साली लाग्रांजने सूत्रच देऊन टाकलं : आधीचे रकाने न जुळवता हवं ते पद थेट काढा. सोयीचं असेल. पण त्यात ओळखी होत नाहीत.

"संगणकात एका बटणावर होतं हे," मेहुणा म्हणाला. त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं. होतं खरं. एक्सेलमध्ये 'रेट' नावाचं सूत्र आहे. पण ते काय करतं? आपण काही सुचवलं नाही तर 10 टक्के धरून बघतं, जमलं नाही तर थोडं सरकवतं, पुन्हा बघतं, आणि वीस खेपांत जमलं नाही तर चूक म्हणून हात वर करतं. म्हणजे भाजीत मीठ घालायची आमच्या हिची पद्धत.

श्रेणीलाही आपली मर्यादा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. य लहान आणि हप्ते थोडे, तोवर ती सुतासारखी सरळ. मी हौसेने तेच कर्ज पाच वर्षांचं करून पाहिलं : दहा टक्क्यांनी व्याज पन्नास हजार, य झाला अर्धा. पहिलं पद म्हणालं 19.67, दुसरं घेतल्यावर 16.50, तिसर्‍यावर 17.55. खरा दर 17.27. बागेतला झोपाळा थांबताना जसा मागेपुढे करत मधे येतो, तशी ती येते. पण मूल भारी असेल तर वाट बघावी लागते.

मेहुणा मात्र एका वर्षाचाच कागद घेऊन दुकानात गेला. खाली मी आमच्या बँकेचाही हिशोब लिहून दिला होता : हप्ता 8,885 रुपये, वर्षाचं व्याज 6,619. म्हणजे दुकानदाराच्या 'दहा'पेक्षा आमच्या 'बारा'त 3,381 रुपये वाचतात. संध्याकाळी तो परत आला तेव्हा चेहरा गोंधळलेला होता.

"भावोजी, दुकानदाराने कागद बघितला. दराबद्दल बोलला नाही. म्हणाला, हेल्मेट फुकट देतो. ते कुठल्या पदात धरायचं?"

"किंमत काय त्याची?" कन्येने पेन्सिल उचलली.

"असेल हजार-अकराशे."

"मग अशी तीन मिळाली तर विचार कर," मी म्हणालो, "आणि वर थोडे सुटे पैसे."

"मागायला काय हरकत आहे?" आतून आवाज आला. "एक आईला होईल."