जिंतूरची सकाळची एस.टी.

फजरची नमाज होते न होते तोच जिंतूरच्या बसस्थानकावर चहाचं आधण चढतं. आमच्या गावाला रेल्वे नाही. नेमगिरीची जैन लेणी पाहायला येणारे असोत की शिकायला बाहेर जाणारी मुलं, सगळ्यांची भिस्त एस.टी.वर. त्या दिवशी मी आणि माझ्या धाकट्या भावाची मुलगी छत्रपती संभाजीनगरच्या गाडीत बसलो. मानसशास्त्र घेऊन ती बी.ए. झाली होती. आता एम.ए. करायचं म्हणत होती आणि घरात महिनाभर हाच विषय होता.

तिची अम्मी म्हणायची, घरी बसून कर. एरवी ते जमलंही असतं, इग्नूचं एम.ए. घरूनच करता येत होतं. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धत बंद केली. मला ते पटतं. समोर माणूस असल्याशिवाय ऐकायला कसं शिकणार? पण तालुक्याच्या मुलीसाठी त्याचा अर्थ वसतिगृह, मेसचा खर्च आणि आईचा जीव टांगणीला.

चारठाण्याचा फाटा मागे पडला तसं मी विचारलं, "क्लिनिकल आणि समुपदेशन, फरक काय गं?"

"बडे अब्बा, परीक्षेची भीती, घरातली भांडणं, कुणी गेल्याचं दुःख, यात समुपदेशक मदत करतो. मोठा आजार असेल तर तो तपासून मानसोपचार करणं हे क्लिनिकलवाल्याचं काम. गोळ्या लिहून देणार ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच."

दोन वर्षांचं एम.ए. झालं की दाराला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लागेल, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात रुग्णालयात काम करावं लागतं, मग परिषदेकडे नोंदणी. मंठा येईपर्यंत मी मनात पैशांचा हिशेब करत होतो.

मग मला माझी अम्मी आठवली. अब्बांच्या इंतकालनंतर ती वर्षभर नीट झोपली नाही. "जी नहीं लगता," एवढंच म्हणायची. आम्ही दम केलेलं पाणी दिलं, छातीची पट्टी काढली. पट्टी चांगली आली म्हणून तिलाच बोललो. तिच्याजवळ बसून कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

हे मी पोरीला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, इ.स. ९३४ मध्ये वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला; कारण ठाऊक असलेलं दुःख वेगळं आणि कारण न सापडणारं वेगळं, हेही त्यात आहे. आता १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येतं, तेही तिनंच सांगितलं. मी नंबर फोनमध्ये घालून ठेवला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या मागे डोंगर आहे आणि डोंगरात लेणी. "अपनी नेमगिरी जैसाच," ती म्हणाली आणि माहितीपत्रक घ्यायला आत गेली. मी बाहेर झाडाखाली थांबलो. शेजारी बीडकडचे एक बाप बसले होते, तेही मुलीसोबत आलेले. आम्ही खोल्यांच्या भाड्यावर बोलत राहिलो.

जिंतूरला उतरलो तेव्हा इशाची अजान होत होती. भावजय दारातच उभी होती. फी किती, पास होईल का, काही विचारलं नाही. म्हणाली, "वहाँ हॉस्टेलमें पानी कैसा है?"