शीवची पेढी

मुंबईला येणारा पाहुणा गेटवे पाहतो, राणीची बाग पाहतो, चौपाटीवर भेळ खातो आणि सिद्धिविनायकाला हात जोडून परततो. शीव काही त्याच्या यादीत नसते. फार तर एखादा हौशी टेकडीवरचा किल्ला पाहायला येतो. शीव म्हणजे हद्द. इंग्रजांची मुंबई इथे संपायची आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. त्याच शीवेला, धारावीच्या शेजारी, लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. लोकांच्या तोंडी ते 'सायन हॉस्पिटल'. तिथे एक पेढी आहे आणि मुंबईतल्या साऱ्या पेढ्यांत मला तिचे कौतुक अधिक. त्या पेढीत पैसा नव्हे, आईचे दूध ठेवतात.

जगातली पहिली अशी पेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली. शीवची पेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. आशियातली पहिली म्हणून ती ओळखली जाते.

मला ती पाहायला मिळाली माझ्या भाचीमुळे. ती तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. मुलगा एक किलो शंभर ग्रॅमचा! चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही गोष्टींचा मेळ मुलाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. तोवर नाकातोंडातून घातलेल्या बारीक नळीने दूध द्यायचे. सुरुवातीला एका वेळी एक-दोन मिलीलिटर. पुढे पोट सरावले, तरी एवढ्या जिवाची दिवसभराची गरज असते जेमतेम एक कपभर. पण तो कपभर आणायचा कुठून?

"मावशी, मला काही येतच नाही गं," म्हणून भाची रडू लागली. आमच्या घरी एकच धांदल उडाली. कुणी अळीव आणले, कुणी डिंकाचे लाडू, कुणी शतावरी. सिस्टर हसून मला म्हणाल्या, "मावशी, लाडू खुशाल खाऊ द्या. पण दूध लाडवाने वाढत नाही, काढल्याने वाढते. दिवसातून आठ वेळा काढायचे, रात्रीसुद्धा एकदा उठायचे."

पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला पिवळे, घट्ट असे चार थेंब जमले. हा चीक. आपल्याकडे कितीतरी घरांत तो वाईट म्हणून टाकून देत आणि बाळाच्या जिभेवर मधाचे बोट लावीत. वास्तविक रोगाशी झुंजण्याची शक्ती असते ती त्यातच. आणखी एक नवल ऐका. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीच्या दुधात पहिले काही आठवडे प्रथिने अधिक असतात, जणू त्या देहाला मूल लवकर आल्याची खबर लागलेली असते! डब्यातल्या दुधावर वाढणाऱ्या अशा मुलांना आतड्यांच्या एका जीवघेण्या दाहाचा धोका जास्त असतो. आईच्या दुधाने तो कमी होतो.

ते चार थेंब बाळाला पोचले. उरलेले दूध आले पेढीतून. देणाऱ्या आईचे रक्त आधी तपासतात. मग अनेकींचे दूध एकत्र करून ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे तापवतात, झटकन थंड करतात, जंतूंची तपासणी करतात आणि शून्याखाली २० अंशांवर गोठवून ठेवतात. त्या बाटलीत कुणाची जात, कुणाचा धर्म, कुणाची भाषा मिसळली आहे, हे कुणी सांगू शकत नाही.

दूध काढायच्या खोलीत भाचीशेजारी धारावीची एक बाई बसे. तिचे बाळही काचेच्या पेटीतच होते. पण त्याचे भागून तिची वाटी भरून उरे. भाचीने संकोचून तिचे आभार मानले. ती म्हणाली, "आभार कसले, ताई? माझं कुठल्या बाळाला गेलं, मला तरी काय ठाऊक! तुम्हाला आलं की तुम्हीपण द्या."

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी बाळाला पेटीतून काढून भाचीच्या उघड्या छातीवर ठेवले. दक्षिण अमेरिकेत बोगोटा शहरी १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही रीत घालून दिली. मूल ऊबेत राहते आणि आईला पान्हा फुटतो. आमच्या डोळ्यांदेखत तसेच झाले. त्या संध्याकाळी वाटीचा तळ दिसेनासा झाला.

पुढे मुलगा पळीने आणि मग अंगावर पिऊ लागला. घरी जाण्यापूर्वी भाचीने आपले वरकड दूध पेढीत दिले. त्याची पावती नाही, व्याज नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या दुधाचा पैसा घेता येत नाही.

वाचकहो, तुमच्या नात्यात कुणी दिवस भरण्याआधी बाळंत झाली, तर 'दूध आलं का?' हा प्रश्न तिला दारातूनच विचारू नका. तिच्या घरचा स्वयंपाक सांभाळा, थोरले मूल शाळेत पोचवा आणि तिला बाळापाशी बसू द्या. जवळ पेढी कुठे आहे, तेवढे मात्र डॉक्टरांना आठवणीने विचारा.