षाट गुंबद आणि खाली जाणारी माती

बांगलादेशातील खुलना शहरातून बागेरहाटला जाताना रूपशा नदी ओलांडली, की दोन्ही बाजूंना भातशेती, कोळंबीची तळी, नारळ आणि सुपारी. कोकणाची आठवण यावी असा मुलूख. फक्त डोंगर कुठेच नाही आणि दगडही नाही. म्हणूनच षाट गुंबद मशिदीत शिरताच आमची नजर खांबांवर खिळली. साठ दगडी खांब! बाकीची इमारत विटांची. विटेची माती इथलीच. दगड मात्र दुरून आणलेला. नाव 'साठ घुमटांची' असले, तरी छतावर घुमट सत्त्याहत्तर आहेत.

ही मशीद पंधराव्या शतकात हजरत खान जहान अली (रह.) यांनी बांधली. त्यांचा इंतकाल १४५९ साली झाला. त्यांनी मशिदींबरोबर मोठमोठे तलावही खोदले. कारण इथे पाणी चहूकडे, पण पिण्याजोगे थोडे. तहानलेल्याला पाणी देणे हा केवढा सवाब, हे त्या तलावांकाठी उमजते.

पण ही जमीन आली कुठून? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगातले बरेच पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. तेव्हा नद्यांनी इथे खोल दऱ्या कोरल्या. पुढे बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालयातून आणलेला गाळ त्या दऱ्यांत साचू लागला. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी समुद्राचा वेग मंदावला, तशी जमीन दक्षिणेकडे सरकत गेली.

गाळ मात्र स्वस्थ बसत नाही. वरच्या थरांच्या भाराने खालचे थर दबतात आणि जमीन खचते. सुंदरबनच्या किनाऱ्यावर सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या मीठ बनवण्याच्या भट्ट्या सापडल्या आहेत. आज त्या भरतीच्या पाण्याखाली जातात. दरवर्षी नवा गाळ पडत राहिला, तरच तोल टिकतो.

हा तोल माणसाने बिघडवला. १९६० च्या दशकात खारे पाणी अडवण्यासाठी गावांभोवती मातीचे बांध घातले गेले. भात पिकू लागला, पण गाळही बाहेरच राहिला. आतली जमीन दबत गेली आणि काही ठिकाणी शेजारच्या सुंदरबनपेक्षा मीटरभर खाली गेली. मे २००९ मध्ये आयला वादळाने बांध फोडले, तेव्हा अनेक कुटुंबे दीर्घकाळ पाण्यात राहिली. गंमत अशी, की त्याच पाण्याने शेतांत कित्येक सेंटिमीटर गाळ आणून टाकला.

शेतकऱ्यांना हे आधीच ठाऊक होते. १९९७ साली भायना बिलात त्यांनी स्वतःच बांध कापला. भरतीबरोबर गाळ आला आणि काही वर्षांत सखल जमीन वर आली. पण तेवढी वर्षे पिकावर पाणी सोडावे लागते. ज्याची शेती पाण्याखाली, त्याच्या घरची चूल कोणी पेटवायची? बांध कापण्याआधी भरपाई ठरली नाही, तर गावाच्या भल्याचा बोजा एकट्या गरिबावर पडतो.

बागेरहाटच्या विटांना आज खारटपणा खातो आहे. १९८५ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, त्यामुळे विटांची काळजी घेणारे आहेत. त्या विटा ज्या मातीवर उभ्या आहेत, तिची आणि तिच्यावर राबणाऱ्यांची काळजीही तितकीच घेतली जावो, हीच अल्लाहकडे दुआ.