मुंबईच्या लाल गाडीचे धनी

परगांवचा मनुष्य मुंबईस गेला म्हणजे समुद्र पाहतो, राणीची बाग पाहतो, वस्तुसंग्रहालय पाहतो. परंतु ज्या लाल गाडींत बसून तो हें सर्व पाहतो, ती गाडी पाहावयाची मात्र राहून जाते. वास्तविक एवढ्या मोठ्या नगराचा संसार कसा चालतो, हें समजण्यास त्या गाडीइतकें सोपें साधन दुसरें नाहीं.

२०२५ च्या जानेवारींत मुलीकडे आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां एक सकाळ मीं या कामीं लाविली. बरोबर कॉलेजांत शिकणारा नातू होता. प्रथम आम्ही हुतात्मा चौकांत गेलों. २०१७ सालीं येथें खोदकाम चालू असतां ट्रामचे जुने रूळ जमिनीखालीं सांपडले होते. त्या जागीं उभें राहिलें म्हणजे सारा पूर्वेतिहास आठवतो. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती खाजगी कंपनीची. १९०५ सालीं वीज आणि ट्राम असा दुहेरी धंदा करणारी नवी कंपनी पुढें आली. १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली, आणि १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली. स्वातंत्र्यास आठच दिवस उरले असतां, ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, महापालिकेनें हा पसारा आपल्या हातीं घेतला. ट्राम १९६४ सालीं बंद झाली. 'बेस्ट' हें नांव मात्र लोकांच्या तोंडीं राहिलें.

कुलाब्याकडे जाणारी गाडी दिसते काय, म्हणून मीं रस्त्याकडे मान वळविली. नातवानें खिशांतून मोबाईल काढला. "आजोबा, अजून चार मिनिटें आहेत," तो म्हणाला. गाडींतील एक लहानसें यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून आपलें ठिकाण ओळखतें व तें दूरच्या संगणकास कळवितें. संगणक त्यावरून पुढील थांब्यांची वेळ वर्तवितो. ही सोय डिसेंबर २०२१ मध्यें 'चलो' या खाजगी कंपनीच्या साहाय्यानें सुरू झाली.

गाडी आली. लाल रंग, वर बेस्टचें नांव, आंत गारवा. ना धूर, ना घरघर. सहा रुपयांचीं तिकिटें यंत्रांतून निघालीं. मीं वाहकास सहज विचारलें, "ही नवी गाडी बेस्टनें केव्हां घेतली?" तो हंसून म्हणाला, "काका, गाडी कंत्राटदाराची, चालकहि त्याचाच. बेस्टचे म्हणाल तर मी आणि हें तिकीट."

त्याच्या या उत्तरांत सर्व व्यवस्था आली. गाडी, तिची दुरुस्ती व चालक कंत्राटदारानें पुरवावयाचा. मार्ग, वेळापत्रक व भाडें बेस्टनें ठरवावयाचें. आणि गाडी धांवेल त्या किलोमीटरांच्या मानानें कंत्राटदारास पैसे द्यावयाचे. यांत लाभ नाहीं असें नाहीं. तिजोरींत खडखडाट असतां नव्या गाड्या रस्त्यावर आल्या. २०१९ च्या जुलैंत किमान भाडें पांच रुपयांवर आलें. पुढें ९ मे २०२५ पासून तें साध्या गाडीस दहा व वातानुकूलित गाडीस बारा रुपये झालें.

पण दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्यें कंत्राटी चालकांनीं पगारासाठीं संप केला, तेव्हां धनी कोणीहि असो, थांब्यावर ताटकळले ते प्रवासीच. ९ डिसेंबर २०२४ रोजीं कुर्ल्यास अशीच एक भाड्याची विजेची बस गर्दींत घुसून माणसें प्राणांस मुकलीं. त्या चालकास विजेच्या गाडीचा पुरेसा सराव होता काय, आणि तें पाहण्याचें काम कोणाचें, हे प्रश्न तेव्हां सर्वत्र विचारले गेले. मोबाईलवर गाडी कोठें आहे तें दिसतें. ती कोणाच्या हवालीं आहे, तें दिसत नाहीं.

आणखी एक गोष्ट सुशिक्षित कुटुंबांनीं ध्यानांत घ्यावी. कोणत्या थांब्यावर, कोणत्या वेळीं, किती माणसें चढतात, याची नोंद आतां यंत्रांतच होते. कोठें गाड्या वाढवाव्या व कोठें कमी कराव्या, हें त्या नोंदीवरून ठरवितां येतें. पूर्वीं गांवांत ज्याच्याकडे दप्तर असे, त्याचा शब्द चाले. तेव्हां यंत्र कोणाचेंहि असो, हें दप्तर नगराच्याच मालकीचें राहिलें पाहिजे. गाडी भाड्यानें आणण्यांत कमीपणा नाहीं. परंतु प्रवाशास जाब देण्याचें काम मक्त्यानें देतां येत नाहीं.

कुलाब्याच्या थांब्यावर एक म्हातारी कोळीण टोपली सांवरीत आमच्या गाडींत चढली. तिच्याजवळ मोबाईल नव्हता. तिनें नाणीं पुढें केलीं, वाहकानें तिला कागदी तिकीट दिलें व बसावयास जागा करून दिली. नवी व्यवस्था कितीहि सुधारली, तरी हा मनुष्य गाडींतून उतरविला जाऊं नये, एवढेंच माझ्यासारख्या म्हाताऱ्याचें मागणें आहे.