विरी

सोलापुरात भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका बाईंचा उजव्या हाताचा अंगठा गेल्या पावसाळ्यापासून मुळाशी दुखतो. थापताना जोर तिथेच येतो, म्हणून थापणं आता सुनेकडे गेलं आहे. सून चांगली थापते. हात हलका आहे, भाकरी परातीत आपोआप फिरते. तरी सासूबाई परातीजवळून उठत नाहीत, कारण पीठ भिजवणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. सोडायचं ठरवलं तरी ते दुसऱ्याच्या हातात कसं द्यावं, हे त्यांना उमगत नाही.

अडचण पाण्याची आहे. ज्वारीत ग्लूटेन नसतं. गव्हाची कणीक जरा बिघडली तर झाकून ठेवून सावरता येते. ज्वारीला ती सवलत नाही. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो, आणि तेवढ्याच बळावर अख्खी भाकरी उभी असते. ताज्या पिठाला कोमट पाणी पुरतं. पीठ जुनं झालं, विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा गेला, की काठ चिरायला लागतात आणि उचलताना भाकरी हातातच दुभंगते. मग पाणी कढत घ्यायचं, नाहीतर थोड्या पिठाची उकड काढून बाकीच्यात मळायची. हे सगळ्याच जणींना ठाऊक असतं. पण कढत म्हणजे किती कढत, आणि उकड किती?

“आत्या, किती वाटी घेऊ?” सुनेनं विचारलं. बाईंनी खरंच वाटी घेतली आणि मोजून पाहिलं. एका दिवशी नेमकं बसलेलं माप चार दिवसांनी त्याच डब्यातल्या त्याच पिठाला बसलं नाही. पावसाळी हवेत पीठ आधीच ओल धरून असतं, मार्चमधल्या कोरड्या उन्हात तेच पीठ पाणी पिऊन टाकतं. त्यांची स्वतःची परीक्षा अंगठ्याची आहे. उंडा अंगठ्याच्या उशीनं दाबायचा; कडेला बारीक भेग पडली तर पाणी कमी, ठसा चकाकला तर जास्त. या दोहोंमधली जागा बोटभरही नाही, आणि ती पिठागणिक सरकते. जो अंगठा दुखतो त्यालाच हे कळतं, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिली आहे. डावा अंगठा त्यांनी वापरून पाहिला. त्याला काही समजत नाही.

म्हणून धान्याच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत. ज्वारी मंगळवेढ्याचीच. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या घरी पोतं तिकडूनच येतं. काळ्या, खोल जमिनीत, परतीच्या पावसानंतर उरलेल्या ओलीवर पोसलेला रब्बीचा टपोरा, मोत्यासारखा दाणा. त्याच्या भाकरीला जी गोडी असते ती खरिपाच्या संकरित ज्वारीला नसते, असं त्या ठामपणे सांगतात. दळण थोडंथोडं आणायचं आणि गिरणीत ज्वारीवरच दळून घ्यायचं, हा दुसरा हट्ट. त्यामागे आता आणखी एक कारण आहे. त्यांच्या गिऱ्हाइकांत सिलिॲक आजाराचं एक मूल आहे. गव्हावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचं जे पीठ मिसळतं, तेवढ्यानंही अशा मुलाचं आतडं दुखावतं. त्या मुलाच्या भाकऱ्यांची परात वेगळी आहे आणि तिला गव्हाचा हात लागत नाही.

प्लास्टिकच्या कागदात दाबून भाकरी करणाऱ्या यंत्राचा त्यांना राग नाही. राग आहे तो काठ चिरू नयेत म्हणून पिठात गुपचूप कणीक मिसळणाऱ्यांचा. अशी भाकरी सुबक दिसते, पण चव पोळीची लागते आणि त्या मुलासारख्याला ती अपायकारक ठरते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, केंद्राच्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ हा शब्द आला, आणि दुकानांत ज्वारीची पाकिटं वाढली. पाकिटातलं पीठ दळून किती दिवस झाले, हे विचारणारं गिऱ्हाईक मात्र त्यांना क्वचितच भेटतं.

गुणांच्या बाबतीतही त्या अतिशयोक्ती खपवून घेत नाहीत. भाकरीनं मधुमेह बरा होतो असं कुणी म्हणालं की त्या चिडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि तितकाच तंतू आहे, पण कर्बोदकंही ६८ ग्रॅमच्या आसपास आहेत. तंतूमुळे पोट भरतं आणि भरलेलं राहतं. म्हणून चार भाकऱ्या खाव्यात असं नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते पिठलं, डाळ किंवा मटकीची उसळ भरून काढते. नुसत्या चटणीवर भाकरी खाणाऱ्याला त्या वाटीभर डाळ आग्रहानं वाढतात.

बुक्कीनं फोडलेला कांदा आणि लसणाचा ठेचा हे तर त्यांच्या लेखी जेवणाचं अर्धं अंग. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं, की कांदा-लसूण सोबत असला की धान्या-कडधान्यांतलं लोह आणि जस्त शोषणासाठी अधिक मोकळं होतं. गिऱ्हाइकांतल्या एका प्राध्यापिकेनं हे सांगितलं, तेव्हापासून ऑर्डरीबरोबर कांदा फुकट जातो.

थंडीत बाजरी येते. तिच्यात स्निग्धांश ज्वारीच्या तिप्पट; ती अंगाला ऊब देते असं मानतात, आणि भोगीच्या तिळाशी तिचा मेळ. पण त्याच स्निग्धांशामुळे पीठ लवकर कडू होतं. त्या दिवसांत दळण दिवसाआड येतं. सुनेला ही धावपळ जास्तीची वाटते. बाईंना वाटत नाही.

खरं तर त्यांना मनातून जपायचं आहे ते नाव. तव्यावर भाकरी टम्म फुगून पापुद्रा सुटला की पाहुणा बघतो आहे ना, याकडे त्यांची नजर आजही जाते. तीच भाकरी सुनेनं टाकली आणि पाहुण्यानं सुनेला वाहवा दिली, तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नाही. हे त्या स्वतःच सांगतात. फोनवर गिऱ्हाईक विचारतं, “तुमच्याच हातच्या ना?” त्या हो म्हणतात. थापलेल्या सुनेनं आहेत, पण पाणी त्यांनी घातलेलं आहे, आणि ते श्रेय एवढ्यात वाटून द्यायला त्या तयार नाहीत. सून बाजूलाच उभी राहून हे ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी पुढे करते.