रजिस्टर खराब केलं

माझ्या आज्यानं येसकरकी केली. दवंडी दिली, सरकारी टपाल या गावचं त्या गावाला पोचवलं, मयताचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री कोसच्या कोस तुडवले. पाटलाची लेक बाळंत झाली, सांगावा यानं न्यायचा. पाटलाचा जावई गेला, तोही यानंच. गावातली झाडून सगळी बातमी आधी याच्या तोंडून जायची. अन् बदल्यात काय, तर शिळी भाकरी नि खळ्यावरचं मातेरं. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं. ते पुढं मागं घ्यावं लागलं. वतन कायद्यानं गेलं ते 1958 च्या कायद्यानं. ही बातमी आमच्या आज्याला कुणी दवंडी पिटून सांगितली नाही. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या वाहिल्या, त्याला स्वतःची बातमी फार उशिरा अन् तीही बाजारात उडत-उडत कळली.

हे सगळं आठवायचं कारण, 1977 साली मी एका जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत परिचर म्हणून लागलो. पोस्ट राखीव. काम काय? परिपत्रक फिरवायचं. म्हंजे पुन्हा सांगावाच की. फरक इतकाच, की अंगावर खाकी कपडे आले अन् महिन्याच्या महिन्याला पगार.

सरकारी कचेरीत कागद कसा चालतो, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. टपाल आलं की आवक बारनिशीत नंबर पडतो. साहेब कोपऱ्यात सही ठोकतो. मग कागद आस्थापनेच्या टेबलावर जातो. सगळ्यांना कळवायचा असेल तर टायपिस्ट मशीनची रिबन बाजूला सारून मेणकागदावर अक्षरं ठोकतो. चुकलं तर वरून तांबडं औषध लावायचं, फुंकर मारायची, पुन्हा ठोकायचं. साहेबाची सही लोखंडी टोकानं मेणावर कोरायची. मग सायक्लोस्टाइलचं हँडल मारायचं. आमच्या कचेरीत हे हँडल माझ्याकडं होतं. बोटांत शाई मुरली ती साबणानं जायची नाही. बायको म्हणायची, ह्या हातानं भाकरी खाता? आपलं हे पान ज्या यंत्रावर निघतं ना दोस्तहो, त्याच जातीचं ते यंत्र. यंत्राला काय, साहेबाची धमकी घाला नाहीतर आपली कविता घाला, ते आपलं छापतं.

प्रती बाहेर पाठवायच्या त्या गेल्या. कचेरीतल्यांसाठी एक प्रत रजिस्टरला चिकटवायची अन् ते रजिस्टर टेबलोटेबल फिरवायचं. खाली सगळ्यांची नावं हुद्द्याप्रमाणं. नावापुढं लिहायचं 'वाचले' अन् सही. वरच्या नावांपाशी रजिस्टर थांबायचं, चहा व्हायचा, चर्चा व्हायची. खाली-खाली येईल तसा त्याला वेग यायचा. तळाशी सफाईवाले. त्यांच्यासाठी रजिस्टरबरोबर शाईचं पॅडच दिलेलं. बोट धरायचं, पॅडवर दाबायचं, कागदावर दाबायचं. निशाणी डावा अंगठा. कागदात काय आहे हे त्यांनी विचारायचं नाही, आपण सांगायचं नाही. 'वाचले' हा शब्द आस्थापनेच्या बाबूनं सगळ्यांच्या वतीनं आधीच लिहून ठेवलेला.

दोन वर्षं हँडल मारून एक गोष्ट मला कळून चुकली. धमकीचा कागद पळतो, फायद्याचा कागद झोपतो. कपाटात आणीबाणीतल्या फायली होत्या. नसबंदीच्या उद्दिष्टाचे कागद. कुणी किती केसेस आणायच्या, किती आणल्या. ते कागद आले त्याच दिवशी गेलेले, बारनिशी साक्षीला आहे. अन् वर्दीचे कपडे, प्रवासभत्ता, कायम करायचा हुकूम, सेवाज्येष्ठतेची यादी, असल्या कागदांना मात्र आस्थापनेच्या ड्रॉवरमध्ये गाढ झोप लागायची. यादीच्या खाली छापलेलं असायचं, हरकती 15 दिवसांत कळवाव्यात. यादी फिरायची सोळाव्या दिवशी.

बरं, सरकारला बातमी पोचवता येत नाही असंही नाही. माझ्या पोरपणी गावोगावच्या भिंतींवर गेरूनं लिहिलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा अन् बक्षीस मिळवा. बक्षीस वाढत-वाढत हजार रुपयांवर गेलं. तेव्हाचे हजार! आमच्या वस्तीतली बिनशाळेची म्हातारीसुद्धा ते बोलून दाखवायची. खोड्यातल्या गुराख्याला ठाऊक होतं. 1975 च्या मेनंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, त्याचं श्रेय डॉक्टरांना द्या, लस टोचणाऱ्यांना द्या, पण भिंतीलाही द्या. सरकारनं मनावर घेतलं तर बातमी महारवाड्यापर्यंत येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून जेव्हा येत नाही, तेव्हा ती वाट चुकली असं मी मानत नाही.

आता मावशीची गोष्ट. कचेरीत झाडलोट, संडास, बाटल्या धुणं ती करायची. नाव घेत नाही, तिची नातवंडं आज नोकरीत आहेत. नवरा गेला त्यानंतर लागलेली. कुणालाच पत्ता नव्हता की बाई रात्रशाळेत जाते. दहावी पास झाली तेव्हा पेढेही वाटले नाहीत, एकट्या मला सांगितलं, "बाबा, निघाले बग म्या." 1979 साल. वर्ग 4 मधून मॅट्रिक झालेल्यांनी लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करावेत, असं परिपत्रक वरून आलं. अर्जाची शेवटची तारीख त्यात होती. कागद झोपला.

उठला तेव्हा रजिस्टर माझ्या हातात आलं. वरचे सगळे झाले, शेवटी मी मोरीपाशी गेलो. मावशी बाटल्या विसळत होती. पॅड मी खाली ठेवलं. तिनं हात पदराला पुसले अन् म्हणाली, "थांब, वाचू दे."

उभ्या-उभ्या वाचलं. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. मोरीचा नळ तसाच चालू. शेवटच्या तारखेपाशी बोट थांबलं. तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. मला वाटलं आता ही रडंल, शिव्या घालील. तिनं माझ्या खिशातला पेन काढून घेतला. बाबूनं लिहिलेल्या 'वाचले' वर काट मारली. शेजारी लिहिलं, 'आज मिळाले', त्याखाली तारीख, त्याखाली पूर्ण नावाची सही. अक्षर मोठं, पोराच्या पाटीवरच्यासारखं. ओळीत मावलं नाही, माझ्या नावावर चढलं.

बाबूनं मला बोलावलं. तिला नाही, मला. लालबुंद झालेला. "रजिस्टर खराब केलं! तू तिला वाचायला दिलंस कशाला?"

ह्या वाक्याचा मी पुढं कितीतरी वर्षं विचार केला. वाचले असं लिहिलेल्या रजिस्टरात वाचायला दिलं, हा गुन्हा.

मावशीचा अर्ज उशिरा म्हणून परत आला. तिनं वर लिहिलं, रजिस्टरचा दाखला दिला. उत्तर आलं नाही. ती सफाईवरच रिटायर झाली. पण त्या दिवसापासून आमच्यातला जो तो सहीखाली तारीख टाकायला लागला. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते मला म्हणायचे, अंगठ्याखाली तारीख तू टाक. मी टाकायचो. माझ्या गोपनीय अहवालात त्याचे शेरे पडले असणार. असणार म्हणतो, कारण ते अहवाल आम्हाला दाखवायची रीतच नव्हती. शेरा काहीही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं देवदत्त यांच्या खटल्यात सांगितलं ते 2008 साली. माहितीचा अधिकार देशात लागू झाला 2005 साली. तोवर माझी बहुतेक नोकरी सरली होती. पुढं लिपिक झालो, बारनिशी माझ्याच टेबलावर आली, तारखा मी सांभाळल्या. 2013 ला घरी बसलो.

आता रजिस्टर गेलं. माझी पुतणी एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स आहे. ती सांगते, सगळं मोबाइलच्या ग्रुपवर येतं. साहेबांनी टाकायचं, बाकीच्यांनी बघायचं, उलट लिहायची सोय बंद. मेसेज उघडला की निळी खूण उमटते. मी म्हटलं, म्हंजे निशाणी डावा अंगठाच. अन् सफाईवाले? ते ठेकेदाराचे. ते ग्रुपातच नाहीत. म्हंजे तळाशी का होईना, नाव असायचं तेही गेलं.

2020 च्या कोरोनात तिनं हे जवळून पाहिलं. पीडीएफ यायच्या, इंग्रजीत, दिवसाला चार-चार. कोरोना वॉर्डातला कचरा पिवळ्या पिशवीत, अन् पिशवी एकात एक दुहेरी घाला, जमीन एक टक्का हायपोक्लोराइटनं पुसा. हे वाचणार डॉक्टर, नर्सा. पिशवी उचलणार तो, ज्याच्या मोबाइलवर ते आलंच नाही. पुतणी ड्यूटी संपली की जिन्याखाली त्या चौघा-पाच जणांना बसवून आपल्या बोलीत वाचून दाखवायची. वरिष्ठ बाई म्हणाल्या, तुला हे कुणी सांगितलंय?

मी तिला 2016 चे जैववैद्यक कचऱ्याचे नियम वाचायला सांगितलं. त्यात आहे, हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला काविळीची, हिपॅटायटिस बीची अन् धनुर्वाताची लस टोचलीच पाहिजे, शिकवणही दिली पाहिजे. तिनं त्यांना विचारलं, टोचली का? एकजण हसला. म्हणाला, "ताई, सुया तर रोज टोचत्यात पिशवीतनं. लस कुठली?"

तिनं तेवढाच नियम मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून काढला अन् ते लोक बूट धुतात त्या नळावर चिकटवला. खाली तारीख टाकली. तिसऱ्या दिवशी कागद फाडलेला होता. तिनं दुसरा लावला. मला फोन करून विचारत होती, काका, पाण्यानं न जाणारी शाई कुठं मिळंल?